सायकल एकच, वेष निराळे



गेल्या महिन्याच्या टपालातलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. लिहिणाऱ्या भगिनी चाळिशीच्या आहेत. गाव लहान, संसार मध्यम. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून त्यांनी हिय्या करून सायकल घेतली. पहिल्याच दिवशी सकाळी सलवार-कमीज घालून, ओढणी नीट पिन करून त्या बाहेर पडल्या. अर्धा मैल गेल्या असतील, तोच मागून सातआठ जणांचं एक टोळकं आलं. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, डोक्यावर हेल्मेट. सगळे झपकन पुढे निघून गेले. जाता जाता त्यांतलं कुणीतरी हसलं. "आपल्यालाच हसले, असं मला वाटलं," त्या लिहितात. "तेव्हापासून सायकल गॅलरीत उभी आहे. तिच्यावर मी टॉवेल वाळत घालते. ताई, माझ्या वयाच्या बाईनं सायकलवर घालायचं तरी काय? त्यांच्यासारखे कपडे मला या जन्मी जमणार नाहीत. आणि साध्या कपड्यांत मी त्यांच्यात शोभत नाही."

प्रश्न कपड्यांचा दिसतो खरा, पण तो निम्माच कपड्यांचा आहे. म्हणून आज नेहमीची स्वयंपाकघरातली गोष्ट बाजूला ठेवू आणि या सायकलच्या वेषाविषयीच बोलू. त्यासाठी मला माझीच एक फजिती सांगावी लागेल.

मी मूळची सायकलवालीच. पुण्यात कॉलेजला जाताना आम्ही मुली सरळ सायकलवर टांग मारायचो. त्या वेळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत आणि ते खोटं नव्हतं. कारकून, शिक्षक, दूधवाले, विद्यार्थी, सगळ्यांच्या बुडाखाली सायकलच. पायजमा किंवा पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून पुरुष घोट्याशी लोखंडी क्लिप लावत. कोण कुठले कपडे घालून सायकल चालवतो, याची चर्चा कुणी करत नसे, कारण अंगावर असतील तेच सायकलचे कपडे! पुढे लग्न झालं, मुलं झाली, स्कूटर आली, आणि सायकल कुठं गेली ते कळलंसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा सुनेनं मला नवी सायकल आणून दिली. सोबत हेल्मेट, हातमोजे, मागचा लाल दिवा, असा सगळा थाट. मी आपली पहाटे कोथरूडच्या आतल्या रस्त्यांनी तासभर फिरू लागले. आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनींसारखाच अनुभव मलाही आला. तंग कपड्यांतली मंडळी झपाझप पुढे जायची. मी हौसेनं हात वर करायची, पण कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. घरी आल्यावर मी ह्यांना म्हणायची, "काय मेली शिष्ट माणसं! कपडे काय घातले, आकाशाला हात लागले." हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "असेल."

आता खरी गोष्ट ऐका. त्याच रस्त्यावर रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला एक बाई समोरून सायकलवर यायच्या. सुती साडी, पदर खोचलेला, मागच्या कॅरियरला पिशवी बांधलेली. चारपाच घरी पोळ्या करायला जाणाऱ्या मावशी त्या. वयानं माझ्याहून लहानच असतील, पण आपल्याकडे पोळ्यांच्या बाईंना मावशीच म्हणतात. रोज मला बघून त्या हसायच्या. आणि मी? मी हेल्मेटचा पट्टा सारखा करत पुढे बघायची. त्यांचा राग नव्हता हो. पण त्या कामाला निघालेल्या, मी व्यायामाला निघालेली, आपला काय संबंध, असं काहीतरी मनात असावं. जे मला पुढच्यांकडून लागत होतं, तेच मी मागच्यांना देत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात यायला सलवार चेनमध्ये अडकावी लागली. पावसाळा नुकताच संपला होता. चांगली घेरदार सलवार होती. उजव्या पायाचा घेर चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये सापडला. सायकल थांबली, पाय पायडलला जखडला, आणि मी एका बाजूला कलंडून फूटपाथचा कठडा धरून उभी. पाय ओढावा तर कापड आणखी आत. तेवढ्यात दोन तंग कपडेवाले आले आणि उतारानं खाली निघून गेले. मी मनात दोन शिव्या हासडल्या. मग समोरून मावशी आल्या. सायकल स्टँडला लावली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ताई, ओढू नका, फाटंल." माझी सायकल त्यांनी कंबरेला टेकवून धरली आणि हातानं पायडल हळूहळू उलटं फिरवलं. कापड जसं आत गेलं होतं तसं बाहेर आलं, फक्त तेलाचा काळा पट्टा तेवढा उरला. मग त्यांनी आपल्या केसांचा रबर काढून माझ्या उजव्या पायाला सलवारीवरून बांधला आणि म्हणाल्या, "उजवा पाय बांधायचा असतो. चेन तिकडंच असते. डावा कसाही राहिला तरी चालतंय."

एवढ्यात उतारावरून खाली गेलेल्या दोघांतलं एक जण सायकल वळवून चढ चढून परत आलं. ती एक तिशीची मुलगी निघाली. धापा टाकत म्हणाली, "काकू, लागलं का? उतारावर एकदम ब्रेक लावता आला नाही, सॉरी."

माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. जिला मी शिष्ट म्हणत होते, ती माझ्यासाठी चढ चढून आली होती. आणि जिच्याकडे मी बघत नव्हते, तिच्या केसांचा रबर माझ्या पायाला होता.

तिथंच कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही तिघींनी चहा घेतला. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

तंग कपडे कशासाठी?

मी त्या मुलीला सरळ विचारलं, "का गं, हे असले कपडे लागतातच का?" ती हसली. म्हणाली, "काकू, तासाभराला नाही लागत. माझ्या पल्ल्याला लागतात." ती लांब पल्ल्याच्या फेऱ्या करते. त्यांना ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत पुरं करायचं असतं. आता इतका वेळ सीटवर बसायचं म्हणजे साध्या विजारीची शिवण एकाच जागी घासून घासून कातडी सोलवटते. म्हणून त्या आखूड विजारीच्या आत एक मऊ गादी शिवलेली असते. पूर्वी ही गादी मऊ कातड्याची असे आणि वरचे कपडे लोकरीचे. लायक्राचा ताणला जाणारा धागा १९५८ साली अमेरिकेत निघाला. पुढे तो सायकलवाल्यांनी उचलला, कारण तो अंगाबरोबर हलतो, सुरकुतत नाही आणि घाम लवकर सुकू देतो.

ज्यांना अशी विजार घ्यायची असेल त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, बायकांच्या आणि पुरुषांच्या विजारीतली गादी वेगळ्या आकाराची असते, म्हणून नवऱ्याची किंवा भावाची घालून बघू नये. दोन, तिच्या आत दुसरा कपडा घालायचा नसतो. घातला तर त्याचीच शिवण टोचते आणि पैसे वाया जातात. तीन, दर वेळी घातल्यावर ती धुवायचीच, आणि उलटी करून, गादी वर येईल अशी, वाळत घालायची. ओलसर राहिली तर अंगाला खाज आणि पुरळ ठरलेलं. कपडे मऊ करण्याचं द्रव घालू नये, त्यानं घाम टिपण्याचा गुण कमी होतो. आणि संकोच वाटत असेल तर वरून सैल पँट किंवा लांब कुर्ता घाला की! गादी आपलं काम आतून करतेच.

संकोचाचं निघालं तेव्हा ती मुलगी जे बोलली ते माझ्या मनाला लागलं. "मी आमच्या कॉलनीतून बाहेर पडेपर्यंत वरून सैल पँट घालते, आणि मुख्य रस्त्याला लागले की काढून पिशवीत टाकते," ती म्हणाली. "गॅलरीतून काकवा बोलतात. सासूबाईंपर्यंत जातं." भगिनींनो, त्या गॅलरीतल्या काकवा म्हणजे कोण हो? तुम्ही-मीच ना? आपल्याला वाटतं, तंग कपड्यांतली बाई आपल्याला हसते. आणि तिला वाटतं, साडीतल्या बायका आपल्याला नावं ठेवतात. दोघी एकमेकींना भिऊन.

आपल्या रोजच्या कपड्यांत काय सांभाळावं?

आता मावशींचं ज्ञान. त्या वीस वर्षं साडीत सायकल चालवत आहेत आणि एकदाही पडलेल्या नाहीत. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात आहे: "लोंबतं काही ठेवायचं नाही."

साडी: सायकल लेडीजच हवी, म्हणजे मधली दांडी खाली उतरलेली. चेनला पूर्ण कव्हर हवं, आणि मागच्या चाकाला वरच्या भागात जाळी हवी. ही जाळी साडी किंवा झगा चाकाच्या आऱ्यांत जाऊ नये म्हणूनच असते. जुन्या लेडीज सायकलींना ती असायची. नव्या सायकलीला नसली तर दुकानदाराकडून बसवून घ्या, त्याला फार खर्च येत नाही. साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसावी. पदर पाठीमागून उजव्या बाजूनं पुढं आणून डाव्या कंबरेला घट्ट खोचावा. बसल्यावर निऱ्या जरा डावीकडे घ्याव्यात, कारण चेन उजवीकडे. परकर घेराचा हवा. हल्ली साडीखाली तो अंगाला घट्ट बसणारा परकर निघाला आहे, तो लग्नकार्याला ठीक, पण त्यात गुडघा वर उचलता येत नाही. आणि ज्यांना नऊवारी नेसता येते, त्यांनी तर मुळीच काळजी करू नये. काष्टा घातला की दोन्ही पाय मोकळे!

सलवार-कमीज: यात सगळ्यांत मोठा धोका ओढणीचा. ओढणी मागे लोंबली आणि चाकात गेली, तर ती गळ्याभोवती आवळते. असे अपघात सायकलवर, मोटारसायकलवर, रिक्षात झालेले आहेत आणि त्यांत गळ्याला गंभीर इजा होते. म्हणून हे मी जरा कडक शब्दांत सांगते: ओढणी एक तर पिशवीत ठेवा, नाही तर छातीवरून तिरपी घेऊन कंबरेशी गाठ मारा. नुसती पिन करून पाठीवर सोडू नका. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हे विशेष लक्षात घ्यावं. सलवारीपेक्षा चुडीदार किंवा लेगिंग बरी. घेरदार सलवारच घालायची तर उजव्या पायाला रबर किंवा पट्टी. कमीजची बाजूची चीर पुरेशी उंच हवी, म्हणजे पायडल मारताना ओढ बसत नाही.

आणि काही अडकलंच, तर ओढायचं नाही. थांबायचं, आणि पायडल हातानं उलटं फिरवायचं. हे मावशींनी मला शिकवलं, मी तुम्हाला शिकवते, तुम्ही लेकीसुनांना शिकवा.

बाकीच्या लहानसहान गोष्टी अशा. पायांत सपाता किंवा मोकळी चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. बुटाच्या नाड्यांची टोकं आत खोचलेली. हातात काचेच्या बांगड्या असतील तर पडल्यावर त्या फुटून मनगटात घुसतात, म्हणून तेवढ्यापुरत्या धातूच्या घालाव्यात. मंगळसूत्र पोलक्याच्या किंवा कमीजच्या आत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं एवढ्या अंतरावर सपाट बसायला हवं. वरती अंबाडा असला की ते मागे कलतं, म्हणून मानेशी सैल वेणी घालावी. हेल्मेटला एकदा मोठा आघात बसला की ते बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलावं.

पावसात एका हातात छत्री घेऊन सायकल चालवणं म्हणजे विकतचं दुखणं. लांब रेनकोटाचा सोगाही चाकात जातो. आखूड कोट आणि पँट अशी जोडी बरी. कापडाचं म्हणाल तर अर्ध्या-पाऊण तासाला सुती कपड्यासारखं सुख नाही. पण दोन तासांच्या वर जायचं असेल तर सुती कपडा घामानं ओला होतो तो ओलाच राहतो, तेव्हा कृत्रिम धाग्याचा हलका सदरा बरा पडतो.

पहाटे-तिन्हीसांजेला पांढरा, पिवळा असा उजळ रंग घालावा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. आणखी एक स्वस्त युक्ती सांगते: चमकणारी पट्टी घोट्याला बांधा. पाय वरखाली होतो, तशी ती पट्टी हलते, आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याला लांबूनच कळतं की पुढे माणूस आहे. पाहा, सलवार आवरायची पट्टी आणि चमकायची पट्टी एकच झाली. एका दगडात दोन पक्षी!

ते हात का दाखवत नाहीत?

त्या मुलीला मी माझं जुनं गाऱ्हाणंही विचारलं. तिनं दाखवलं, तिचे बूट पायडलला खिट्टीनं अडकलेले असतात. हात ब्रेकवर. डोळे रस्त्यातल्या खड्ड्यावर. पुढच्या सायकलीच्या मागे हातभर अंतरावर चाललेल्या माणसानं हात सोडला, तर मागची चौघं आडवी होतील. "आम्ही मान हलवतो काकू, पण हेल्मेटखाली ती दिसत नाही. आणि काही जण खरंच बघत नाहीत, ते आमचं चुकतंच." आणि हसण्याचं म्हणाल तर घोळक्यानं जाणारी माणसं आपसांत चेष्टामस्करी करत असतात. आपण वाटेत भेटलो एवढाच आपला त्या हसण्याशी संबंध.

त्या दिवसापासून मी समजून घेतलंय, सायकलवाले तीन तऱ्हेचे असतात. पोटासाठी चालवणारे, प्रकृतीसाठी चालवणारे, आणि हौसेसाठी चालवणारे. दूधवाल्याची वीस-बावीस किलोची काळी सायकल आणि त्या मुलीची आठ-नऊ किलोची, दोन्हींना चाकं दोनच. समोरून ट्रक आला की तिघांनाही सारखीच कड धरावी लागते. मग आपसांत पायरी कसली?

आणि या कपड्यांच्या भांडणाला फार जुना इतिहास आहे बरं का! इंग्लंडमध्ये लेडी हार्बर्टन म्हणून एक बाई होत्या. बायकांचे जड, पायघोळ झगे टाकून सुटसुटीत कपडे वापरावेत यासाठी १८८१ साली संस्था काढणाऱ्यांपैकी त्या एक. १८९८ साली त्या सायकलवरून जात असताना सरे परगण्यातल्या ऑकम गावच्या एका हॉटेलात जेवायला थांबल्या. अंगात गुडघ्याखाली बांधलेली सैल विजार होती. मालकिणीनं त्यांना चांगल्या दालनात बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसा म्हणून सांगितलं. पुरुषी विजार घातलेली बाई तिला चालत नव्हती! यावर तिथल्या सायकलस्वारांच्या क्लबनं १८९९ साली खटला भरला. खटला ते हरले. दुसऱ्या खोलीत जेवण देऊ केलं होतं, म्हणून मालकीण सुटली. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की क्लबात बायका-पुरुष दोन्ही होते, विजारीवरून त्यांच्यातही मतभेद असतील, तरी आपल्यातल्या एका बाईला कपड्यांवरून बाजूला बसवलं तेव्हा क्लब तिच्यामागे उभा राहिला.

आणि आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची चळवळ झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा साडी नेसलेल्या बाया पुरुषांच्या दांडीवाल्या सायकलींवर बसल्या, आणि त्या दांडीवर पोराला बसवून न्यायला लागल्या! सुरुवातीला लोक हसले, टोमणे मारले. पण पाणी आणायला, बाजाराला, कामाला जायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागेना, हे त्या बायांना जास्त मोलाचं वाटलं. वेष काय आहे याला त्यांनी किंमत दिली नाही.

मैत्री म्हणजे नुसता हात हलवणं नव्हे

टपरीवरची गोष्ट तिथंच संपली नाही. बोलता बोलता मावशींचे गुडघे दुखतात असं निघालं. त्या मुलीनं त्यांची सायकल पाहिली. सीट फारच खाली होती, त्यामुळे गुडघा सारखा दुमडलेला राही आणि पुढून दुखे. तिनं पाना काढून सीट चांगली चार बोटं वर केली. मावशी बसून म्हणाल्या, "न्हाई जमायचं. साडीत पटकन पाय टेकवता यायला पाहिजे. चौकात कुणी आडवं आलं तर?" मुलीनं विचार केला, "खरंच की," म्हणाली, आणि सीट एकच इंच वर ठेवली. दोघींचंही बरोबर होतं. नियम असा आहे की सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. पण साडीतल्या बाईनं त्यातून थोडं सोडायचं, हे मात्र पुस्तकात नसतं. महिन्याभरानं मावशी म्हणाल्या, गुडघ्याला पुष्कळ आराम आहे.

मग मावशींनी आणखी एक सांगितलं, तेही सहज, तक्रार म्हणून नव्हे. ज्या सोसायटीत त्या दोन घरी पोळ्या करतात, तिथं त्यांची सायकल फाटकाच्या आत घेऊ देत नाहीत. बाहेर उन्हात, रस्त्याच्या कडेला. दोनदा कुणी हवा सोडली, एकदा घंटी चोरली. गंमत म्हणजे ती मुलगी त्याच सोसायटीत राहते, आणि तिची महागडी सायकल लिफ्टनं थेट वरच्या मजल्यावर जाते. ती मुलगी गप्पच झाली. नंतर म्हणाली, "मी रोज त्या सायकलीजवळून जाते. ती कुणाची, कधी विचारलंच नाही."

तिनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला. मीही ओळखीच्या दोघीतिघींना बोलले. पहिल्या मीटिंगला कुणी ऐकलं नाही. "आज सायकल, उद्या आणखी काही" वगैरे नेहमीचं. दुसऱ्या मीटिंगला तिनं सांगितलं, मग नियम सगळ्यांना सारखा करा, माझीही सायकल बाहेर ठेवते. तेव्हा कुठे जिन्याखाली सहा सायकलींचा लोखंडी स्टँड झाला. मावशींची सायकल आता सावलीत असते. शेजारी पेपरवाल्या मुलाची. आणि त्या मुलीनंही आपली रोजच्या वापराची साधी सायकल तिथंच लावायला सुरुवात केली आहे.

तर, पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनी, गॅलरीतला तो टॉवेल काढा. ओढणीला कंबरेशी गाठ मारा, उजव्या पायाला पट्टी बांधा आणि उद्या सकाळी बाहेर पडा. तंग कपड्यांचं टोळकं आलं तर डाव्या कडेनं, न डगमगता, आपल्या चालीनं चाला. हात हलवावासा वाटला तर हलवा. उत्तर आलं तर छान, नाही आलं तर त्याचे हात ब्रेकवर असतील म्हणा.

पण समोरून एखादी मावशी, एखादा दूधवाला, शाळेचं दप्तर लटकवलेली एखादी पोर येईल, तिच्याकडे मात्र आधी तुम्ही हसा. माझ्यासारखा हेल्मेटचा पट्टा सारखा करत बसू नका. तो केसांचा रबर मी नंतर मावशींना परत द्यायला गेले, तर म्हणाल्या, "राहू द्या ताई, तुम्हालाच लागंल." अजून माझ्या सायकलीच्या हँडलला आहे.

पुढच्या पत्रात किती लांब जाऊन आलात ते कळवा. आणि वाटेत कोण कोण भेटलं, तेही.